काळ्या धाग्याची डबी

मोठ्या डॉक्टरांचं नाव मी सांगणार नाही. त्यांनी स्वतःच ते इतक्या ठिकाणी छापून ठेवलंय की माझ्या हातभाराची गरज नाही. २००३ च्या मे महिन्यात ते मुंबईहून महाडला आले, एका हॉलमध्ये पडदा लावला आणि गावोगाव फिरायला नेमलेल्या आम्हा नऊ जणींना दोन तास रंगीत चित्रं दाखवली. छातीचा कर्करोग कोणत्या बायकांना जास्त होतो, आणि सांधेदुखीवर देतात ती सूज उतरवणारी गोळी रोज घेतली तर तो टळतो का, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न चांगला होता, हे मी आजही कबूल करते. माणूस मात्र असा, की प्रश्न आपणच जन्माला घातला आणि बारसंही आपणच केलं अशा थाटात बोलणारा.

"आपला प्रयोग दोन्ही बाजूंनी डोळे बांधून होणार," ते म्हणाले. म्हणजे निम्म्या बायकांना खऱ्या गोळ्यांची डबी, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या गोळ्यांची. गोळी दिसायला तीच, डबी तीच, फक्त नंबर वेगळा. कोणती खरी हे बाईला ठाऊक नाही, डबी वाटणाऱ्या मला ठाऊक नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. उत्तर मुंबईत एका मोहोरबंद पाकिटात. "ते पाकीट उघडल्याशिवाय जगातला कुणीही माणूस सांगू शकणार नाही," असं म्हणून त्यांनी पाण्याचा घोट घेतला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बी.एस्सी. होऊन चार वर्षं घरी बसलेल्या मुलीला 'प्रयोग' हा शब्द ऐकूनच भरून येतं.

मी महाडची, अम्बरीन. घरात वडिलांचे दोन ट्रक आणि भाऊ अर्शदची जीप, त्यामुळे मला घाटरस्त्याची भीती नसणार असा हिशेब करून पोलादपूर तालुका माझ्या गळ्यात पडला. कापडे गावाच्या वर डोंगरात एक वाडी आहे. जीप खाली सोडायची आणि तासभर चढायचं. वाडीत बायका, म्हातारे आणि शाळकरी पोरं. बाकी सगळी वाडी मुंबईत.

आधी प्रश्नावली भरायची होती. ती ज्याने कुणी तयार केली त्याने आयुष्यात बाई पाहिली होती की नाही, मला शंका आहे. "आठवड्यातून किती वेळा व्यायाम करता?" हा प्रश्न मी मैनाकाकींना विचारला तेव्हा त्या डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चढ चढून आल्या होत्या. साठीच्या, काटक, वाडीत शब्द चालणाऱ्या. त्यांनी भारा खाली टाकला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या रकान्यात रेघ मारून पुढे गेले.

"पहिली पाळी कितव्या वर्षी आली?"

"वढ्यावरचा साकव वाहून गेला ना, त्या साली."

"तो कधी वाहून गेला?"

"मला पाळी आली त्या साली," मैनाकाकी म्हणाल्या, आणि सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मी तेरा लिहिलं. मग सगळ्याच बायकांच्या नावापुढे तेरा लिहिलं. इतर जणींनीही आपापल्या गावी काहीतरी असंच लिहिलं असणार, कारण पुढे मुंबईच्या संगणकाने काढलेल्या आलेखात आमच्या सगळ्या तालुक्यांच्या तेराव्या वर्षावर एक सरळसोट सुळका उभा राहिला. मोठे डॉक्टर त्या सुळक्यावर दहा मिनिटं बोलले. मी मान हलवत ऐकत होते.

धोक्याला गुण होते. आईला किंवा बहिणीला हा रोग झालेला असेल तर जास्त, मूल नसेल तर जास्त, पहिलं मूल उशिरा झालं असेल तरी जास्त. नवरे मुंबईत, घरी येणार ते गणपतीला नाहीतर शिमग्याला. कित्येकींचा धोका नवऱ्याच्या रजेवरच ठरलेला. वाडीतल्या अकरा जणी प्रयोगात बसल्या. सगळ्यात जास्त गुण शकूवहिनींचे. वय बेचाळीस, मूल नाही, नवरा गोमाजी मुंबईत गोदामावर रखवालदार, आणि पाठची बहीण सुंदरा त्याच शिमग्यात छातीच्या कर्करोगाने गेलेली. मुंबईला नेलं, कापलं, परत आणलं आणि दोन महिन्यांत गेली.

जूनमध्ये मी डब्या वाटल्या. पिठाच्या गोळ्यांबद्दलही सांगायचं होतं. ते सांगितलं, संमतीपत्रावर अंगठे घेतले. शकूवहिनींनी विचारलं, "पन ही कसली गोळी, बाय?"

"सूज उतरवणारी," मी शहाणपण पाजळलं. "सुंदराबाईंना झालं ते तुम्हाला होऊ नये म्हणून."

त्यांनी डबी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. मला हसू आलं. घरी जाऊन मी त्यांची नक्कलसुद्धा केली.

दर महिन्याला नवी डबी द्यायची आणि जुनीत किती गोळ्या उरल्या ते मोजून लिहायचं. वाडीच्या अकराही डब्या दर महिन्याला रिकाम्या. एक गोळी उरलेली नाही. माझी आई रहिमा, नाडीवर बोट ठेवल्यासारखं बाबांवर लक्ष ठेवणारी बाई, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या निम्म्या विसरते. आणि इथे अकरा जणी वर्षभर सकाळ-संध्याकाळ न चुकता? माणसं असं करत नाहीत, हे कळायला बी.एस्सी. लागत नाही. पण मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं, आणि मी मूग गिळून बसले.

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. ऑगस्टपासून काही डब्यांच्या झाकणाला काळा धागा बांधलेला दिसायचा. मी नवी डबी दिली की जुन्या डबीचा धागा सोडून तिला बांधायचा. सात डब्यांना धागा, चारांना नाही; नंबरांपुढे मी वहीत तशी खूणही केली. शकूवहिनींच्या डबीला होता.

"दृष्ट लागू नये म्हणून ना?" मी विचारलं.

"हां, तसंच," मैनाकाकी म्हणाल्या.

हा किस्सा मी महाडच्या बैठकीत रंगवून सांगितला. मोठे डॉक्टर खूश झाले. "औषधाची दृष्ट काढतात! हे मी भाषणात वापरणार," म्हणाले, आणि वापरलंसुद्धा. आम्ही दोघं शिकलेली माणसं त्या अडाणी बायकांवर पोट धरून हसलो.

दर सहा महिन्यांनी पोलादपूरला तपासणीचं शिबिर असे. मुंबईहून डॉक्टरीण येई, कार्ड बघे, तपासे, सही करी. गाठ सापडली तर त्या बाईचं नाव प्रयोगातून काढायचं, डबी परत घ्यायची आणि मुंबईच्या हॉस्पिटलला चिठ्ठी द्यायची, असा नियम. हे मी बायकांना नीट समजावलं होतं. जानेवारी २००४ च्या शिबिरात वाडीच्या अकराही जणींच्या कार्डावर 'गाठ नाही' असा शिक्का बसला.

जुलैमध्ये मी ठरल्या दिवसाच्या चार दिवस आधीच वाडीत गेले. कशेडीत दरड कोसळली होती, बाबांचे दोन्ही ट्रक पलीकडे अडकले होते, घरात बाबांचा नुसता आरडाओरडा चालला होता. त्यापेक्षा डोंगर बरा. लावणी जोरात होती. मैनाकाकींच्या खाचरात बायका ओळीने वाकलेल्या. इकडे सावड चालते: आज सगळ्यांनी तुझ्या शेतावर, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याने त्या दिवशी सगळ्यांना खायला घालायचं.

मी पोचले तेव्हा काम थांबलं होतं आणि मैनाकाकी बांधावर उभ्या राहून वाटप करत होत्या. भाकरीवर चटणी, आणि चटणीच्या बाजूला एकेक पांढरी गोळी. हातात आमच्या प्रयोगाची डबी. काळ्या धाग्याची.

"हे काय चाललंय?" मी ओरडले.

कुणी दचकलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. "कंबर धरते ना गो," मैनाकाकी म्हणाल्या. "बस तू. भाकर खा."

"अहो, ती गोळी ज्या बाईच्या नावाची तिनेच खायची!"

"सावडीत एकटीनं खायचं?" त्यांनी इतक्या तिरस्काराने विचारलं की माझी मलाच लाज वाटली. "मानूस हाय का कोन!"

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी सहज. गेल्या वर्षी लावणीला ज्या दिवशी जिचं शेत, त्या दिवशी तिची डबी सगळ्यांत फिरली. संध्याकाळी अठरा जणींनी एकाच डबीतली गोळी खायची आणि सकाळी उठून बघायचं, कंबर सरळ होते की नाही. मैनाकाकींच्या गोळीने सगळ्या ताडकन उठल्या. श्रीपतच्या बायकोच्या गोळीने सगळ्या कण्हत उठल्या. लावणी संपेपर्यंत अकराही डब्यांचा निकाल लागला होता. ज्या खऱ्या त्यांना काळा धागा बांधला, म्हणजे घाईत चुकून पिठाची डबी उचलली जायला नको. एक शकूवहिनींची सोडून सगळ्या डब्या मैनाकाकींच्या फळीवर. लावणी, झोडणी आणि म्हाताऱ्यांचे गुडघे यांना धाग्याच्या, आणि पिठाच्या गोळ्या कोंबड्यांना.

मी चिखलाच्या बांधावरच बसले. मोहोरबंद पाकीट, संगणक, दोन्ही बाजूंनी बांधलेले डोळे! आणि गुडघाभर चिखलात वाकून जगणाऱ्या अठरा बायकांनी हसतखेळत, लावणीच्या दिवसांत, भाकरीबरोबर उत्तर काढून ठेवलं होतं. मला मोठ्याने हसू फुटलं. त्या क्षणी मोठ्या डॉक्टरांचा चेहरा बघायला मी काहीही दिलं असतं.

हसता हसताच माझं लक्ष शकूवहिनींकडे गेलं. सगळ्या खाचरात उतरल्या होत्या आणि त्या डाव्या हाताने रोप लावत होत्या. उजवा हात अंगाशी धरलेला.

"हाताला काय झालं?"

"काय नाय. अवघडलाय."

मी त्यांना गोठ्यात नेलं. नको नको म्हणत होत्या. शेवटी त्यांनी स्वतःच माझा हात धरला आणि उजव्या छातीवर ठेवला. सुपारीपेक्षा मोठी, टणक, जागची न हलणारी गाठ. काखेत आणखी एक.

"कधीपासून?"

"संक्रांतीच्या आदीपासून."

"मग शिबिरात?"

"म्या गेलीच नाय. कार्ड देऊन जावेला धाडली." कार्डावर फोटो नव्हता, आणि मी त्या दिवशी दुसऱ्या गावच्या बायका आणायला गेले होते. मुंबईच्या डॉक्टरणीने कार्ड तपासलं, बाई तपासली आणि दोघींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे कुणी विचारलं नाही.

"पण का?" मी जवळजवळ किंचाळले. "तुमची बहीण गेली ना याच्यात? तुम्हाला कळत नव्हतं?"

"म्हनूनच," त्या शांतपणे म्हणाल्या. "नाव काडलं असतं तर डबी घेतली असती ना तुमी. माजी डबी खरी हाय, बाय. धाग्याची. सूज उतरवनारी गोळी, तुमीच सांगितलंत. सावडीला निम्म्या देते, निम्म्या रोज खाते. ही बी सूजच की. उतरंल. जरा येळ लागतोय."

मला आठवलं, मी नक्कल केली होती.

मोठे डॉक्टर त्या आठवड्यात महाडला विश्रामगृहात उतरले होते. दुसऱ्या दिवशी मी शकूवहिनींना घेऊन तिथे गेले, त्यांना व्हरांड्यात बसवलं आणि आत जाऊन सगळं सांगितलं: गाठ, जाऊबाई, सावड, धागे. त्यांचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, बाईसाठी उतरतोय.

"किती डब्यांची सरमिसळ झालीय?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या. डॉक्टर, बाहेर शकूबाई बसल्यात. त्यांना चिठ्ठी..."

"म्हणजे हिने कोणत्या गोळ्या घेतल्या तेच सांगता येणार नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ही केस मोजताच येणार नाही. तुम्ही असं करा, दिवाळीपर्यंत याची वाच्यता करू नका. अहवाल जाऊ दे."

"ती मोजायची केस नाही, बाई आहे! आणि ती बाहेर बसलीय."

"भावनिक होऊ नका, अम्बरीन. चिठ्ठी देतो ना मी." आणि दिली. खुर्चीवरून उठून व्हरांड्यापर्यंतची दहा पावलं मात्र त्यांनी टाकली नाहीत. इतक्या गुणांची, सगळ्यात जास्त धोक्याची, साक्षात त्यांच्या प्रश्नाचं उत्तर असलेली बाई दाराबाहेर बाकावर बसली होती, आणि त्यांना ती बघावीशी वाटली नाही. मी दार आपटून निघाले. त्यात माझी फार शेखी नाही; वर्षभर त्याच दाराशी मीही माना डोलावल्या होत्या.

अर्शदने जीप काढली आणि आम्ही थेट मुंबईला गेलो. हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने तपासलं, फोटो काढले, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "सहा महिने काय करत होतात?" ऑपरेशन केलं, पण रोग हाडांत उतरला होता.

सप्टेंबरच्या शेवटी बातमी आली. आमच्या गोळीच्याच जातीचं एक औषध परदेशात बाजारातून काढून घेतलं होतं. हृदयाला धोका, म्हणे. प्रयोग गुंडाळला. डब्या परत मागवल्या, कोंबड्यांनी खाल्लेल्या सोडून. तरी मोठे डॉक्टर हिवाळ्यात एका परिषदेत बोललेच. विषय होता, ग्रामीण स्त्रिया औषध किती न चुकता घेतात. माझ्या रिकाम्या डब्या त्यांनी पडद्यावर दाखवल्या, शंभर टक्के म्हणून. सगळं माहीत असताना. नाकाने कांदे सोलावेत ते अशा माणसांनी.

डिसेंबरमध्ये पाकीट फुटलं आणि प्रत्येक गावची यादी आमच्याकडे आली, बायकांना कळवण्यासाठी. मी ती घेऊन वाडीत गेले. खरं सांगायचं तर बायकांची परीक्षा घ्यायला. मैनाकाकींच्या ओट्यावर बसून मी एकेक नंबर वाचला आणि वहीतल्या धाग्यांशी ताडून पाहिला. खरी, धागा. पीठ, धागा नाही. दहाच्या दहा बरोबर. अकरावा नंबर वाचून मी थांबले.

"काकी, एक चुकली तुमची. शकूवहिनींची डबी पिठाची होती."

मैनाकाकी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात तसाच राहिला.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे म्हणजे?"

"तिच्या शेतावर झालं तवाच कळलं ना. सगळ्या कन्हत उठलो. पन तिला सांगायचं कसं? भैन जाऊन चार म्हैने नाय झालं व्हतं. रात्रंदिस त्या डबीकडं बगत बसायची. श्रीपतची बायको हसली, बाकीच्या हसल्या, आमची पिठाची म्हनून. ही हसली नसती. म्हनून आमी म्हनलं, शकू, तुजी गोळी झ्याक, कंबर कशी सरळ झाली. आनि धागा बांदला." त्यांनी सुपातला एक खडा उचलून टाकला. "तिनं सावडीला दिलेल्या गोळ्या आमी गुपचूप कोंबड्यांना टाकायचो."

"गाठ माहीत होती तुम्हाला?"

"गळ्याची आन. जावेला म्हनाली ताप हाय, शिबिराला तू जा. आमाला वाटलं, तपासनीला घाबरली."

खाली खाचरात वाल पेरला होता, तो हिरवागार दिसत होता. शकूवहिनींचं खाचरही. तेही सावडीनेच पेरलं होतं, त्या मुंबईत असताना.

"बाय गो," मैनाकाकींनी विचारलं, "धागा बांदला नसता, तर ती दाखवाया आली असती का?"

मी कागद घडी करत राहिले. वर्षभर मी सगळ्यांना नावं ठेवली होती. आणि धागा त्यांनी बांधला असेल, पण सूज उतरेल हे मी सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी मुंबईला गेले. शकूवहिनी गोमाजींच्या खोलीवर खाटेला लागल्या होत्या, वाळून मुटकुळं झालेलं. गोमाजी बाहेर चहा करत होते. वहिनींनी मला जवळ बसवलं आणि वाडीतल्या एकेकीचं विचारलं, म्हशीचं विचारलं, वालाचं विचारलं.

"पाकीट फुटलं म्हनं," त्या म्हणाल्या. "यादी बगितलीत?"

"बघितली."

"माजी डबी खरी व्हती ना?"

मैनाकाकींचा सुपातला हात माझ्या डोळ्यांपुढे आला.

"होय वहिनी," मी म्हटलं. "अकरांत सगळ्यात खरी तुमचीच."

त्यांनी डोळे मिटले. "तरी बरं," म्हणाल्या. "न्हायतर आदीच गेली असती मी."